मांजरीच्या आवाजात रडणारी बाळं आणि डॉ. लेज्यून

मांजरीचं पिल्लू कसं रडतं हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. मेसच्या मागे रात्री दोन वाजता जो बारीक, उंच, एकसुरी आवाज येतो ना, तोच! आता कल्पना करा की हा आवाज मेसच्या मागून नाही, तर प्रसूतिगृहातल्या पाळण्यातून येतोय. पाळण्यात मांजर नाही, नुकतंच जन्मलेलं बाळ आहे.

मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने सिग्नल प्रोसेसिंगच्या मिनी प्रोजेक्टसाठी तान्ह्या बाळांच्या रडण्याचा विषय घेतला होता. (सरांना वाटलं आम्ही चेष्टा करतोय.) साध्या बाळाचं रडणं साधारण ४०० ते ५०० हर्ट्‌झच्या आसपास असतं आणि त्यात चढउतार असतो, म्हणजे बाळ अगदी तान घेतल्यासारखं रडतं. पण वाचता वाचता एका अशा आजाराचं नाव समोर आलं ज्यात रडणं खूप वरच्या पट्टीत जातं आणि तिथेच सपाट राहतं. त्याचं नावच मुळी फ्रेंचमध्ये ‘क्री द्यू शा’, म्हणजे मांजराचं ओरडणं. प्रोजेक्ट संपला, मार्क मिळाले, पण हे नाव काही डोक्यातून जाईना. नाव ठेवणारा माणूस कोण हे शोधायला गेले आणि त्याच्या आयुष्यातच अडकले. म्हणून हा लेख.

आधी आजाराबद्दल थोडं. आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे क्रोमोसोम्स असतात, २३ जोड्या. प्रत्येक गुणसूत्राला मधे एक आवळलेली जागा असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन भुजा, एक आखूड आणि एक लांब. या बाळांच्या पाचव्या जोडीतल्या एका गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा गळालेला असतो. कधी फक्त टोक, कधी जवळजवळ अख्खी भुजा. सगळं गुणसूत्र जातं असं नाही, फक्त तेवढा तुकडा. पण त्या तुकड्यावरच्या जनुकांची एकच प्रत उरते आणि त्या एका प्रतीवर काम भागत नाही. बाळ कमी वजनाचं जन्मतं, डोकं लहान, चेहरा गोल, डोळे एकमेकांपासून लांब, अंगात ताकद कमी, दूध ओढायला त्रास. स्वरयंत्र लहान आणि नेहमीपेक्षा वेगळ्या घडणीचं, म्हणून तो आवाज. पुढे चालणं उशिरा, बोलणं त्याहून उशिरा, शिकणं खूप हळू. साधारण २० ते ५० हजार जन्मांमागे एक असं बाळ जन्मतं. म्हणजे दुर्मिळ, पण आपल्या देशात जेवढी बाळं जन्मतात ते पाहता अगदीच दुर्मिळ नाही.

हा आजार १९६३ साली पॅरिसमध्ये ज्यांनी प्रथम ओळखला ते डॉ. जेरोम लेज्यून. (उच्चार आमच्या मजल्यावरच्या फ्रेंच शिकणाऱ्या मुलीला विचारून लिहिलाय. ती म्हणाली, मराठीत याहून जवळ जाता येणार नाही. असो.) वैद्यकातल्या लोकांना हे नाव मुख्यतः दुसऱ्या शोधासाठी माहीत असतं, तो म्हणजे डाउन सिंड्रोममध्ये २१व्या जोडीत एक गुणसूत्र जास्त असतं हा शोध. आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

जेरोम लेज्यून यांचा जन्म १३ जून १९२६चा, पॅरिसला लागून असलेल्या माँरूज गावातला. शाळकरी वय युद्धात आणि जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये गेलं. त्या वयात त्यांनी बाल्झॅकची खेड्यातल्या डॉक्टरवरची कादंबरी वाचली आणि ठरवून टाकलं की आपण असाच गावाकडचा डॉक्टर व्हायचं. पुढे सर्जन व्हायची इच्छा झाली. पण त्यासाठीच्या स्पर्धा परीक्षेत ते पास झाले नाहीत, तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा! ज्यांच्या एम-थ्रीला केटी लागली आहे त्यांनी इथे जरा थांबावं. पुढे ज्या माणसासाठी पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत जनुकशास्त्राचं पहिलं अध्यासन निर्माण झालं, त्याला आधी परीक्षेनेच दारातून परत पाठवलं होतं.

१९५२ साली त्यांनी बिर्थ नावाच्या डॅनिश मुलीशी लग्न केलं आणि त्याच वर्षी प्राध्यापक रेमाँ त्युर्पँ यांच्याकडे संशोधक म्हणून काम सुरू केलं. त्युर्पँ मोठे बालरोगतज्ज्ञ. त्यांना अनेक वर्षं एकाच आजाराचा ध्यास होता. त्या काळी त्याला ‘मंगोलिझम’ म्हणत. १८६६ साली लंडनजवळ काम करणाऱ्या डॉ. जॉन लँग्डन डाउन यांनी या मुलांचं वर्णन केलं होतं आणि त्यांचे डोळे मंगोल लोकांसारखे दिसतात म्हणून ते नाव ठेवलं होतं. आज वाचताना हे नाव कसंसंच वाटतं. त्यात भर म्हणजे कारण माहीत नसल्यामुळे लोक वाट्टेल ते बोलत. आईबापांना गुप्तरोग असेल, बाप दारुडा असेल, घराण्यात काहीतरी खोट असेल... अशी मुलं असलेली कुटुंबं लोकांसमोर यायची नाहीत. आपल्याकडे ‘मागच्या जन्मीचं पाप’ म्हणतात, तिथे या जन्मातलं म्हणत, एवढाच फरक!

त्युर्पँनी लेज्यूनना या मुलांवर काम करायला सांगितलं आणि लेज्यूननी सुरुवात कशाने केली असेल? तळहाताच्या रेषांपासून! अगदी आपल्या ज्योतिष्यासारखं, पण हातात भिंग आणि मोजपट्टी घेऊन. आपल्या तळहातावर वरच्या बाजूला दोन आडव्या रेषा असतात, हात बघणारे त्यांना हृदयरेषा आणि मस्तकरेषा म्हणतात. यातल्या बऱ्याच मुलांच्या हातावर दोन्हींच्या जागी एकच आडवी रेषा असते. या रेषा पोटात असतानाच, अगदी पहिल्या काही महिन्यांत तयार होतात. त्यावरून अंदाज बांधता येतो की जे काही बिघडलं ते फार आधी बिघडलंय, जन्माच्या वेळी किंवा नंतर नाही. त्युर्पँनी तर १९३०च्या दशकातच शंका मांडली होती की मूळ गुणसूत्रांत असावं. पण शंका मांडणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. गुणसूत्रं नीट दिसतच नव्हती तर दाखवणार काय?

आता इथे थोडं तंत्र सांगते, कारण आपण इंजिनिअर लोक, आणि माझ्या मते या गोष्टीतला हीरो तंत्रच आहे. १९२३ पासून सगळ्या पुस्तकांत छापलेलं होतं की माणसाला ४८ गुणसूत्रं असतात. अनेकांनी मोजली, सगळ्यांना ४८ दिसली. पुस्तकात ४८ लिहिलंय म्हटल्यावर ४८च दिसणार! (आमच्या लॅबमध्ये रीडिंग्ज येतात तशी.) अडचण अशी की पेशीत गुणसूत्रं शेवयांच्या गुंत्यासारखी एकमेकांवर पडलेली असतात. १९५२ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये टी. सी. शू नावाच्या संशोधकाच्या लॅबमध्ये कोणीतरी मिठाचं द्रावण चुकून पातळ बनवलं. पेशींमध्ये पाणी शिरून त्या फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी सुटी पसरली. शूंनी नंतर हे कोणी केलं ते शोधायचा खूप प्रयत्न केला, पण कोणी पुढे आलं नाही. आज जगातल्या प्रत्येक लॅबमध्ये ही पद्धत वापरतात आणि तिचा कर्ता अनामिक आहे. त्या पद्धतीने स्वीडनमध्ये त्जिओ आणि लेवान यांनी पाहिलं तेव्हा ४६ भरली. १९५६ साली ते छापून आलं.

त्याच सुमारास त्युर्पँच्या विभागात डॉ. मार्थ गोतिये आल्या. लेज्यून यांच्यापेक्षा एका वर्षाने मोठ्या, शेतकरी घरातल्या, बालरोगतज्ज्ञ. स्कॉलरशिप मिळवून एक वर्ष हार्वर्डला जाऊन आलेल्या. तिथे मुख्य विषय हृदयरोग, पण जोडीला पेशी काचेत वाढवायचं कसब त्या शिकून आल्या होत्या. पॅरिसमध्ये हे येणारी माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जागा दिलीत तर मी करते, असं त्यांनी सांगितलं आणि त्यांना त्रूसो हॉस्पिटलमध्ये एक खोली मिळाली. खोलीत काय, तर पाणी, गॅस, एक फ्रीज, एक सेंट्रिफ्यूज, एक साधासा मायक्रोस्कोप. पैसे नाहीत. काचसामान त्यांनी स्वतः कर्ज काढून आणलं. पेशी वाढवायला प्लाझ्मा लागतो, तो मिळवायला त्यांनी एक कोंबडा पाळला आणि त्याचं रक्त काढायच्या. माणसाचा सीरम लागतो, तर स्वतःचंच रक्त काढलं. आपल्या लॅबमध्ये सीआरओचा एक प्रोब तुटला तर आपण प्रॅक्टिकल पुढे ढकलतो!

आधी निरोगी मुलांच्या पेशी वाढवून त्यांनी ४६ची खात्री केली. मग मे १९५८ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलाच्या ऊतीचा तुकडा मिळाला. पेशी वाढल्या, फुगवल्या, स्लाइडवर पसरल्या. मोजलं तर ४७. एक लहानसं गुणसूत्र जास्त.

गोतियेंच्या मायक्रोस्कोपला फोटो काढायची सोय नव्हती. लेज्यून त्यांच्या लॅबमध्ये येत-जात असत, कामात रस घेत. त्यांनी स्लाइड्स फोटो काढायला म्हणून दुसरीकडे नेल्या. पुढचं गोतियेंनी ५० वर्षांनी, २००९ मध्ये लिहिलं. त्यांच्या सांगण्यानुसार ते फोटो त्यांना दाखवले गेले नाहीत. १९५८च्या उन्हाळ्यात लेज्यून कॅनडाला माँट्रियलच्या जनुकशास्त्र परिषदेसाठी गेले आणि तिथे त्यांनी ४७ची बातमी सांगितली. लेख छापायला जातोय हे गोतियेंना अगदी शेवटी कळलं. २६ जानेवारी १९५९ रोजी फ्रेंच विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात तो आला. लेखकांची नावं : पहिलं लेज्यून, मधे गोतिये, शेवटी त्युर्पँ. आणि मधलं नाव चुकलेलं! मार्थच्या जागी मारी, आणि आडनावाचं स्पेलिंगही चूक.

मला ठाऊक आहे तुमच्या मनात आत्ता कोणती म्हण आलीय. आयत्या बिळावर नागोबा. माझ्याही आली. चार जणांच्या प्रोजेक्टमध्ये सर्किट एकीने सोल्डर करायचं आणि व्हायव्हाला पुढे दुसऱ्यानेच बोलायचं, हे आपण दर सेमिस्टरला बघतो. तेही बोलणारा बहुतेक वेळा मुलगा असतो, हे मी इथे लिहिणारच.

पण नागोबा म्हणून मोकळं होणंही मला पटत नाही. लेज्यून यांच्या बाजूचे लोक त्यांची वही दाखवतात. त्यात २२ मे १९५८ची ४७ची नोंद आहे. या मुलांच्या प्रश्नात ते सहा वर्षं बुडालेले होते, त्यांनी पाहिलेल्या मुलांचे हात, चेहरे, कुटुंबं त्यांना पाठ होती. दिसलेल्या ४७चा अर्थ काय आणि तो जगाला कसा पटवायचा, हेही काम असतं. सुरुवातीला खूप जणांना ते खरं वाटलं नाही, एखादा तुकडा सुटून पडला असेल म्हणाले. मार्च १९५९ मध्ये नऊ मुलांची तपासणी छापली गेली तेव्हा शंका मिटली. पाठोपाठ एप्रिलमध्ये ब्रिटनमधून पॅट्रिशिया जेकब्ज आणि सहकाऱ्यांनीही तेच दाखवलं. २०१४ साली फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या, म्हणजे इन्सर्मच्या नीतिसमितीने या वादावर मत दिलं. त्यांच्या मते गोतियेंच्या तंत्राशिवाय शोध लागलाच नसता आणि प्रत्यक्ष शोधात लेज्यून यांचा वाटा सर्वांत मोठा असण्याची शक्यता कमी. शोध पुढे नेण्यात आणि जगासमोर मांडण्यात मात्र आधी त्युर्पँ आणि मग लेज्यून यांचा हात होता. मला हे मत रास्त वाटतं. माझी तक्रार वेगळी आहे. १९५९ नंतर लेज्यून ३५ वर्षं जगले, जगभर बोलले. दर वेळी दोन मिनिटं त्या कोंबड्याबद्दल आणि तो पाळणाऱ्या बाईंबद्दल बोलायला काय हरकत होती? गोतिये मात्र सगळं सोडून परत लहान मुलांच्या हृदयरोगाकडे वळल्या.

लेज्यून यांच्यावर सन्मानांचा पाऊस पडला. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हस्ते केनेडी फाउंडेशनचं पारितोषिक मिळालं. १९६४ साली ते प्राध्यापक झाले, वय फक्त ३८. या दोन्हींच्या मधलं साल म्हणजे १९६३, आणि मांजरीसारखं रडणारी बाळं.

हा शोध मला जास्त आवडतो. एक तर याच्या मालकीवर भांडण नाही. लेखावर सात जणांची नावं आहेत. आणि दुसरं म्हणजे इथे लेज्यून यांच्यातला डॉक्टर दिसतो. डाउन सिंड्रोम लोकांना शंभर वर्षं माहीत होता, फक्त कारण माहीत नव्हतं. इथे आजारच माहीत नव्हता. मतिमंद म्हणून आणलेल्या असंख्य मुलांमधून तीन मुलं वेगळी काढायची, त्यांचे चेहरे एकमेकांसारखे आहेत आणि तान्हेपणी त्यांचं रडणंही एकसारखं होतं हे ओळखायचं, हे मशीन करत नाही. त्यासाठी आयांचं बोलणं ऐकावं लागतं. कारण वय वाढलं की स्वरयंत्र वाढतं आणि तो आवाज हळूहळू बदलतो, बऱ्याच मुलांमध्ये जातोच. मूल मोठं होऊन दवाखान्यात आलं तर आवाजाची साक्ष फक्त घरच्यांकडे असते.

मग गुणसूत्रांचे फोटो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. फोटोतलं एकेक गुणसूत्र कात्रीने कापायचं आणि कागदावर जोड्या लावून चिकटवायचं, आपण लहानपणी चित्रं कापून वहीत चिकटवायचो तसं. आजच्यासारखे पट्टेही गुणसूत्रांवर दिसत नव्हते, ती युक्ती १९७० नंतरची. नुसत्या लांबीवरून आणि आकारावरून ओळखायचं. चौथी आणि पाचवी जोडी तर दिसायला जुळ्या बहिणी. तिथे एका गुणसूत्राची आखूड भुजा जास्तच आखूड आहे, आणि तिन्ही मुलांत तिथेच, हे पकडणं म्हणजे शंभर पानांच्या जर्नलमधून गेलेलं अर्धं पान नुसत्या जाडीवरून ओळखण्यासारखं आहे. आखूड भुजेला आज सगळं जग ‘पी’ म्हणतं, तेही फ्रेंच ‘पती’ म्हणजे ‘लहान’ या शब्दावरून. म्हणून या आजाराचं दुसरं नाव ‘फाइव्ह पी मायनस’.

४७च्या शोधाने दाखवलं होतं की जास्त झालं तरी बिघडतं. क्री द्यू शाने दाखवलं की थोडंसं कमी झालं तरी बिघडतं. आणि आईबापांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे यात कोणाचा दोष नसतो. दहातल्या साधारण साडेआठ-नऊ बाळांमध्ये हा तुकडा बीजपेशी बनताना किंवा गर्भाच्या अगदी सुरुवातीला अचानक गळतो. आई काय खात होती, ग्रहण पाहिलं का, कोणाची दृष्ट लागली का, कशाचाही संबंध नाही. उरलेल्यांमध्ये आईच्या किंवा वडिलांच्या दोन गुणसूत्रांनी आपापसांत तुकडे बदललेले असतात. त्यांचा हिशेब पूर्ण असतो म्हणून ते ठणठणीत असतात, पण बाळाला देताना वाटणी चुकू शकते. म्हणून आजही असं बाळ सापडलं की आईवडिलांचंही रक्त तपासतात. पुढच्या बाळाला धोका किती, हे त्यावरून सांगता येतं. ‘घराण्यात खोट’ या शब्दांची जागा एका रक्ततपासणीने घेतली, हे काम लहान नाही.

नावाचंही तेच. १९६१ साली ‘मंगोलिझम’ हा शब्द सोडून द्या असं पत्र १९ तज्ज्ञांनी ‘लॅन्सेट’ला लिहिलं. त्यात लेज्यून आणि त्युर्पँ होते, आणि डाउन यांच्या घराण्यातलेही एक डॉक्टर होते. पुढे मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेकडे तक्रार केली आणि १९६५ पासून तिथून तो शब्द गेला.

आता अवघड भाग. मला हा गाळता आला असता, पण मग चरित्र अर्धं राहिलं असतं. गुणसूत्रं मोजायची पद्धत आली तेव्हा लेज्यूनना वाटलं होतं की कारण कळलं, आता औषध शोधू. झालं उलटंच. १९६६ मध्ये गर्भजलातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं बघता येतात हे सिद्ध झालं. १९६८ पर्यंत डाउन सिंड्रोम पोटातच ओळखता येऊ लागला. औषध नव्हतं, पण गर्भपात होता. ऑगस्टमध्ये की ऑक्टोबरमध्ये हा तपशील सोडा, १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अमेरिकन जनुकशास्त्रज्ञांनी त्यांना आपला सर्वोच्च पुरस्कार दिला आणि लेज्यूननी तिथेच उभं राहून त्या सगळ्यांना सुनावलं की रोग मारायच्या ऐवजी तुम्ही रोगी मारताय. सभागृह गार पडलं. आज आपण नोबेल घालवलं असं त्यांनी त्यानंतर बायकोला कळवलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. त्यानंतर फ्रान्समध्ये गर्भपाताच्या कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला. सहकारी दुरावले, संशोधनाचे पैसे आटले. ते कट्टर कॅथलिक होते, नंतर पोपच्या अकादमीवर गेले. त्यांच्याविरुद्ध भिंतींवर मजकूर लिहिले गेले.

मी दहा वर्षं सिस्टर्सच्या शाळेत शिकले, त्यामुळे या वादाची एक बाजू मला पाठ आहे. दुसरी बाजू हॉस्टेलला आल्यावर, मैत्रिणींशी भांडून भांडून कळली. माझं मत विचाराल तर तपासणी करून घ्यायची का आणि पुढे काय करायचं, हे ज्या बाईला ते मूल वाढवायचंय तिने ठरवावं, व्यासपीठावरच्या माणसाने नाही. पण लेज्यून यांची भीती नुसती धर्मातून आलेली होती असं म्हणणाऱ्यांनी आपल्या महाराष्ट्राकडे बघावं. गर्भजलातली गुणसूत्रं बघायची हीच तपासणी आपल्याकडे आली आणि मुंबईत तिचा वापर कशासाठी झाला? मुलगी आहे का बघण्यासाठी. पाटीवर नाव जनुकीय तपासणीचं, आत हिशेब फक्त एक्स आणि वायचा. शेवटी १९८८ साली महाराष्ट्राला देशातला पहिला कायदा करावा लागला आणि १९९४ साली केंद्राने केला. एक्स-एक्स हा आजार नव्हता, तरी यादीत आला. गुणसूत्रं मोजणाऱ्याने माणूसही मोजायला घेतला तर काय होतं, हे आम्हा मुलींना पॅरिसला जाऊन शिकायची गरज नाही.

आणि एक गोष्ट लेज्यून यांच्या विरोधकांनाही मान्य करावी लागते. ते नुसते भाषण ठोकून घरी गेले नाहीत. नेकर हॉस्पिटलमध्ये ते शेवटपर्यंत या मुलांना तपासत राहिले. हजारो मुलं, लांबलांबच्या देशांतून आलेली. औषध सापडलं नाही. आजही गुणसूत्र काढून टाकणारं किंवा तुकडा जोडणारं औषध नाही. जे आहे ते फिजिओथेरपी, बोलण्याचे व्यायाम, बोलता येत नसेल तर खुणांची भाषा, आणि ते सगळं जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. पहिल्या वर्षाच्या अडचणींतून पार पडलेली क्री द्यू शाची पुष्कळ मुलं मोठी होतात, चालतात, आपल्या गरजा सांगतात, माणसांना जीव लावतात. त्यातलं निदान आता कात्री आणि डिंकाने होत नाही, मायक्रोअ‍ॅरे नावाच्या चिपने होतं. आपल्या शाखेची जराशी लुडबूड तिथेही आहे!

१९९३च्या अखेरीस लेज्यूनना फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचं कळलं. ३ एप्रिल १९९४ रोजी, ईस्टरच्या रविवारी ते गेले. वय ६७. २१ मार्च, म्हणजे तिसऱ्या महिन्याची एकविसावी तारीख, हा आता जागतिक डाउन सिंड्रोम दिन आहे. २१व्या जोडीत तीन, म्हणून ती तारीख. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रंही तो पाळतात. कॅथलिक चर्चने २०२१ साली लेज्यूनना ‘वंदनीय’ घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या वाटेवरची एक पायरी.

डॉ. गोतियेंना मात्र ३१ जानेवारी २०१४ला बोर्दोमध्ये जनुकशास्त्रज्ञांच्या परिषदेत बोलायला बोलावलं होतं. तेव्हा त्या ८८ वर्षांच्या होत्या. लेज्यून यांच्या नावाच्या फाउंडेशनने कोर्टाची परवानगी काढून त्यांचं भाषण रेकॉर्ड करायला अधिकारी पाठवले. आयोजक घाबरले आणि भाषण रद्द केलं. पदक त्यांना नंतर खाजगीत देण्यात आलं. ३० एप्रिल २०२२ रोजी, ९६व्या वर्षी त्या गेल्या. १९५९चा तो लेख आजही काढून बघता येतो. मी काढला. पानं थोडी, फ्रेंच मला येत नाही, पण वरची नावं वाचता आली. मधलं अजून तसंच आहे, चुकीचं.